यादीत पहिलं कोण

४ जानेवारी, सकाळी ७

नवं वर्ष, नवी वही. तीन दिवस उशीर झाला तो बायकोमुळे, वत्सलामुळे. बाजारातून वही आणायला सांगितली होती, तिने भोपळा आणला.

दोन संकल्प. पहिला: २ फेब्रुवारीच्या वार्षिक सभेत नवज्योती वायनशालेचा, म्हणजे आमच्या गावच्या वाचनालयाचा, सेक्रेटरी म्हणून निवडून येणे. अकरा वर्षं जॉइंट सेक्रेटरी आहे. पुस्तकांना कव्हरं मी घालायची, वाळवीचं औषध मी मारायचं, आणि फोटोत मधल्या खुर्चीवर दुसराच कुणीतरी. वाचनाच्या खोलीत १९५३ पासूनच्या सगळ्या सेक्रेटऱ्यांच्या नावांची पाटी आहे. तिच्यावर 'के. सुगुणन' हवं. इथे कोण वाचायला बसलंय, लिहूनच टाकतो: मला ते फार हवं आहे.

दुसरा: पौलोसच्या माडीच्या दुकानात जाणं बंद. तसा मी पिणाऱ्यातला नाही. त्याच्याकडच्या मीनकरीसाठी, माशाच्या कालवणासाठी, जातो. करी जहाल असते म्हणून सोबत एक बाटली, तीसुद्धा ताजी, गोड. वत्सलाला वाटतं पाच ते सात मी वायनशालेत मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. ते अगदीच खोटं नाही. दुकान वायनशालेसमोरच आहे, मधे फक्त कालवा.

४ जानेवारी, संध्याकाळी ७.३०

दुसरा संकल्प उद्यापासून. आज सुरमई होती.

६ जानेवारी

वायनशालेत रणकंदन. वाचायला म्हणून मिळालेले आपले पाच टॅब्लेट आहेत ना, त्यातला एक उत्तमनने उघडला. वाचायला नाही, हा माणूस निवडणुकीशिवाय काही वाचत नाही. वाय-फायच्या सेटिंगमध्ये गेला. तिथे आसपासच्या सगळ्या नेटवर्कांची यादी येते. पहिलं नाव नाक्याच्या पूर्वेकडच्या पार्टी ऑफिसचं. उत्तमन पश्चिमेकडच्या पार्टीचा. त्याने विचारलं की वायनशालेच्या यंत्रावर त्यांचं नाव वर कसं काय. मी शांतपणे समजावलं की ज्याचा सिग्नल जोरात ते वर येतं. तर म्हणतो, म्हणजे त्यांचा जोर जास्त आहे असं वायनशालेचं अधिकृत मत समजायचं का.

चार वाजता मोर्चा आला. सोळा माणसं, दोन झेंडे. मी निवेदन स्वीकारलं आणि पोच दिली. पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं काढलीत, पोच देण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

८ जानेवारी

पश्चिमेकडच्यांनी रातोरात मोठा राउटर आणला. आता यादीत ते वर. त्यामुळे आज पूर्वेकडच्यांचा मोर्चा. बावीस माणसं. निवेदनातला मजकूर तोच, फक्त दिशा बदललेली. पोच दिली.

९ जानेवारी

सकाळी पूर्व वर, दुपारी पश्चिम. उत्तमन वहीत वेळा टिपत बसला होता. पूर्वेकडच्यांनी त्यांचा माणूस शेजारी बसवला. दोघांमध्ये एकच टॅब्लेट. वर्तमानपत्रं वाचायला आलेल्यांना बसायला जागा उरली नाही.

१० जानेवारी

तातडीची कमिटी मीटिंग. तीन तास. अध्यक्ष मेरीक्कुट्टी टीचर, वय एक्क्याऐंशी, गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच शिकवलंय आणि उरलेल्या निम्म्यांना कोपऱ्यात उभं केलंय. सात जणांची उपसमिती नेमायचा ठराव येत होता तेवढ्यात टीचर म्हणाल्या की अरे गाढवांनो, ज्याच्याशी आपलं यंत्र जोडलेलं आहे ते नाव सगळ्यात वर आणि खाली बाकीचे, एवढं साधं करता येत नाही का. दोन्ही पार्ट्यांनी मान्य केलं. वायनशालेचं नाव वर असेल तर कुणाचंच पोट दुखणार नाही.

आता हे करणार कोण? मी उठलो. म्हटलं, दोन दिवसांत करून देतो. उत्तमन हसला. त्याचाही डोळा सेक्रेटरीच्या खुर्चीवर आहे. हसू दे. देवानेच मोर्चे पाठवले म्हणायचे, आता पाटी माझीच.

११ जानेवारी

या टॅब्लेटचा प्रोग्रॅम तिरुवनंतपुरमची काही हौशी मंडळी मिळून चालवतात. कुणीही दुरुस्ती लिहून पाठवू शकतो. फिदा नावाची मुलगी ती तपासते आणि बरी वाटली तर घेते. तिला, मुलीसारखी म्हणून मायेने, पत्र टाकलं: 'मोळे, तुमच्या यादीत गंभीर त्रुटी आहे. जोडलेल्या नेटवर्कवर फक्त एक फिकट करडी टिकमार्क येते, ती आमच्या सभासदांना चष्म्यातूनही दिसत नाही. उत्तर सात दिवसांत अपेक्षित.'

सात मिनिटांत उत्तर आलं, मला दादा मानून. म्हणे, बरोबर बोलताय चेट्टा, कधीपासून राहिलंय, तुम्हीच पाठवा ना दुरुस्ती. मुलीने माणूस बरोबर ओळखला.

१२ जानेवारी

कोडिंग शिकलो. व्हिडिओ बघून. चाळीस मिनिटांचा होता, मी दुप्पट वेगात बघितला.

१३ जानेवारी

दोन दिवस संपले. पण मीटिंगमध्ये मी 'कामाचे दिवस' असं म्हणालो होतो. निदान माझ्या मनात तसं होतं.

१५ जानेवारी, दुपारी १२

पहिला प्रयत्न. यादी नाहीशी झाली. एका अर्थाने प्रश्न सुटला: कुणीच वर नाही. टीचरना दाखवलं. त्या म्हणाल्या, सुगुणा, तू पाचवीत गणिताचा पेपर कोराच दिला होतास, आठवतंय मला. वय झालं की माणसांना नको ते आठवतं.

१६ जानेवारी

पाच वाजता पौलोसकडे. फक्त डोकं शांत करायला. तो बिचारा विचारत होता की चेट्टा, टॅब्लेटवर इंटरनेट नीट चालतंय ना. म्हटलं, पळतंय. तो खूष झाला. म्हणाला, मग बरं झालं, मी राउटर खास तुमच्या बाजूच्या माडावर वरती चढवून बांधलाय. त्याचा राउटर आणि आमच्या बाजूचा काय संबंध? पण साधा माणूस आहे, त्याला कुणाला तरी आनंदात बघायचं असतं.

१७ जानेवारी

ड्रॉवर आवरला. वायनशालेच्या इंटरनेट लाइनचा अर्ज सापडला. गेल्या एप्रिलचा. कमिटीने पाठवायला माझ्याकडे दिला होता. एका जागी माझी सही राहिली होती आणि बहुतेक त्या नादात पाठवायचाही राहिला. तरी लाइन सुरू झालीच. राउटर लावला त्याच दिवसापासून टॅब्लेट फडाफड चालतात. अर्ज न करता काम. आमच्या वेळी असं नव्हतं. देश कुठल्या कुठे गेलाय.

अर्ज परत ठेवून दिला. जुना कागद कधी टाकू नये.

१९ जानेवारी, सकाळी ११.२०

झालं. यादी आली, जोडलेलं नाव सगळ्यात वर, ठळक अक्षरात, पुढे 'जोडलेले' असा शब्द. फक्त किरकोळ चूक आहे. वरती 'नवज्योती वायनशाला' यायला हवं तिथे 'पौलोस फॅमिली रूम' येतंय.

१९ जानेवारी, दुपारी ३

चूक सापडत नाही. पाचही टॅब्लेटवर तेच. पौलोसचं नाव यादीत का दिसतं ते उघड आहे. एप्रिलमध्ये टॅब्लेट आले त्या दिवशी वायनशालेत करंट नव्हता, म्हणून मी पाचही त्याच्याकडे नेऊन चालू केले. तेव्हा त्याचा पासवर्ड टाकला होता. पण ते झालं एप्रिलमध्ये. नऊ महिन्यांपूर्वीची गोष्ट यंत्र अजून धरून बसलंय, म्हणजे यंत्रात दोष.

२० जानेवारी

फिदाला सगळं कळवलं. म्हणे, चेट्टा, तुमचा कोड बरोबर आहे, टॅब्लेट खरंच त्या पौलोसशी जोडलेला असेल, कारण तुमच्या राउटरला इंटरनेट नसेल तर टॅब्लेट आपोआप दुसरीकडे उडी मारतो. एकदा राउटरच्या मागे बाहेरची वायर लागलीय का बघा ना.

मी तिला लिहिलं की बाळ, राउटर मी स्वतः बसवलाय. त्याचे दिवे लागतात. हिरवे. शहरातल्या मुलींना वाटतं गावात कुणाला काही कळत नाही. वायर बघायला कपाट सरकवावं लागतं, आणि माझी कंबर.

२२ जानेवारी, दुपारी ४

तोडगा निघाला. इतका सोपा की आधी का सुचला नाही. यंत्राला विचारायचंच कशाला? कोडमध्ये सरळ लिहून टाकलं: नाव 'नवज्योती वायनशाला' असेल तर सगळ्यात वर ठेव आणि पुढे 'जोडलेले' लिही. पौलोस असेल तर सगळ्यात खाली. आता यादी कशी, बघत राहावी अशी. एकूण २१२ ओळी. फिदाला पाठवल्या.

वत्सलाला दाखवलं. तिने विचारलं, म्हणजे जोडलेलं नसलं तरी जोडलेलं दिसणार? म्हटलं, तुला टेक्निकल समजायचं नाही. ती म्हणाली, हो, मला फक्त एवढंच समजतं की मुलांना कॉम्प्युटर शिकवून आलेल्या माणसाच्या शर्टाला माशाचा वास येतो. विषय बदलला.

२३ जानेवारी

फिदाने परत पाठवलं. म्हणते, चेट्टा, हा प्रोग्रॅम चारशे वायनशालांत चालतो. कासरगोडच्या वायनशालेतल्या बाईंनाही त्या तुमच्या वायनशालेशी जोडल्या गेल्यात असं दिसायला लागेल. मला त्यात काही गैर दिसलं नाही. नवज्योतीचं नाव कासरगोडपर्यंत गेलं तर अभिमानाची गोष्ट आहे. तसं लिहिलं. तिने एक हसणारं तोंड पाठवलं. मुलगी माझ्या बाजूला झुकतेय.

२४ जानेवारी

प्रचार सुरू. घरोघर जाऊन सांगतोय की यादीचा प्रश्न मी निकालात काढला, सभेच्या दिवशी प्रोजेक्टरवर सगळ्यांसमोर दाखवणार. दोन्ही पार्ट्यांचे लोक चहा देतात. उत्तमन माझ्या मागून त्याच घरांत जातो आणि म्हणे विचारतो, दोन दिवसांचे किती दिवस झाले? पाण्यात बघतो मला.

२६ जानेवारी

झेंडावंदन. नंतर वायनशालेत इंटरनेट दिवसभर ठप्प. लोक वैतागले. मी सांगितलं की आज सगळा देश एकाच वेळी संचलन बघतो, लाइन भरून जाते. सगळ्यांना पटलं. फक्त टीचर माझ्याकडे चष्म्यावरून बघत राहिल्या.

संध्याकाळी पाय मोकळे करायला कालव्यापलीकडे गेलो होतो. पौलोसचं दुकान बंद, सरकारी नियम. त्याने मेन स्विचच पाडून ठेवला होता. दुसरा संकल्प आज शंभर टक्के पाळला गेला.

२७ जानेवारी

दुकान उघडलं. लाइनही आली. देशाचं संचलन संपलं असणार.

३० जानेवारी, सकाळी ९.१०

आज तारीख लाल शाईने लिहायला हवी होती, पण लाल पेन वत्सलाने हिशेबाला नेलंय. फिदाने दुरुस्ती स्वीकारली. माझी. म्हणे, थोडं आवरून घेतलंय, २१२ ओळींची एक ओळ झाली आणि नाव वगैरे काढून टाकलंय, पण कल्पना तुमचीच, आभार चेट्टा. रविवारी सकाळी सगळ्या टॅब्लेटवर आपोआप येईल.

रविवार म्हणजे २ फेब्रुवारी. सभेचाच दिवस. योग जुळून येतात ते असे. २११ ओळी ती का वगळते ते कळलं नाही, पण संपादकाची कात्री प्रत्येक लेखकाच्या नशिबी असते.

३१ जानेवारी

भाषण पाठ केलं. आरशासमोर. 'या यादीत आज जसं सत्य सर्वात वर आलं आहे' या वाक्यावर थांबायचं, टाळ्या येतील. सभेत नेसायचं मुंडू इस्त्रीला दिलं. पाटी रंगवणाऱ्या गोपिनाथनला सहज विचारलं की एक नाव लिहायला किती वेळ लागतो. म्हणाला, सुकायला दोन तास. पाटीवर 'के. सुगुणन' मावतं, बोटाने मोजून बघितलं.

१ फेब्रुवारी

उद्या. वत्सला म्हणाली, एकदा आधी चालवून तरी बघा. म्हटलं, सरप्राइज आहे. मनात धाकधूक होती ते खरं, पण ती आनंदाची.

२ फेब्रुवारी, सकाळी ८

सभा दहाला. वत्सलाने हिरव्या काठाची साडी नेसली आहे आणि मी निवडून आलो तर पायसम करणार आहे. अकरा वर्षांत पहिल्यांदा ती सभेला येतेय.

२ फेब्रुवारी, दुपारी २.४०

लिहितो. कुठेतरी लिहायला हवं.

एकशे नव्वद माणसं. पूर्व पूर्वेला बसली, पश्चिम पश्चिमेला, मधल्या रांगेत बायका. पहिल्या खुर्चीवर वत्सला. पौलोस सभासद आहे म्हणून तोही आला होता, मागे खांबाला टेकून. मी टॅब्लेट प्रोजेक्टरला जोडला. भाषण केलं. 'सत्य सर्वात वर' वर थांबलो, टाळ्या आल्या. वाय-फाय उघडलं.

भिंतीवर, सहा फूट रुंद, पहिली ओळ: पौलोस फॅमिली रूम, जोडलेले. त्याखाली अक्षरांच्या क्रमाने बाकीचे, आणि त्यात मधेच कुठेतरी: नवज्योती वायनशाला, इंटरनेट नाही.

मी म्हटलं यंत्र गरम झालंय. दुसरा टॅब्लेट लावला. तेच. तिसरा. तेच. पाचव्यापर्यंत कुणी हसलं नाही, तेच जास्त वाईट होतं. मग उत्तमन उठला आणि कपाट सरकवलं. राउटरच्या मागे बाहेरची वायर नव्हती. भिंतीत वायरीसाठी पाडलेलं भोकही नव्हतं. त्याने ड्रॉवर उघडला. अर्ज वरच होता, सही नसलेला. त्याने तो मोठ्याने वाचला, तारखेसकट.

मी म्हणालो की ते असो, पण पौलोसने आपला पासवर्ड आमच्या यंत्रात कसा घातला याची चौकशी व्हावी. हे मी बोलायला नको होतं.

पौलोस पुढे आला. हात जोडून. म्हणाला, रागावू नका टीचर, पासवर्ड सुगुणन चेट्टांनीच टाकला. एप्रिलमध्ये पाचही टॅब्लेट घेऊन आले होते, त्यांच्या नेहमीच्या बाकावर बसूनच टाकला. लाइन यायची आहे, तोवर चालू राहू दे म्हणाले. मग मला वाटलं मुलं वाचतायत, सिग्नल कमी पडू नये, म्हणून माडावर चढवला. टीचरनी विचारलं, नेहमीचा बाक म्हणजे? पौलोसला खोटं बोलता येत नाही. त्याने सांगितलं: रोज पाच ते सात, खिडकीजवळचा, दोन बाटल्या, मीनकरी वेगळी.

मी वत्सलाकडे बघितलं नाही. बघायची गरज नव्हती. एकशे नव्वद माणसं तिच्याकडे बघत होती. ती उठली नाही, रडली नाही. साडीचा काठ सरळ करत बसली. मला कधी नव्हे ती लाज वाटली. वायरीची नाही. तिच्यापुढे.

२ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

निवडणूक झाली. पूर्वेकडच्यांना पश्चिमेचा नको, पश्चिमेकडच्यांना पूर्वेचा नको. टीचर म्हणाल्या की नऊ महिने ही वायनशाला कुणी चालवली ते भिंतीवर लिहिलंय, वाचता येत असेल तर वाचा. १९५३ नंतर प्रथमच दोन्ही पार्ट्यांचं एकमत. सेक्रेटरी: पौलोस. मीही हात वर केला. एक हात खाली राहिला असता तर उठून दिसला असता.

मी जॉइंट सेक्रेटरी कायम. बिनविरोध. दुसरं कुणी तयार नव्हतं.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ५

सोमवारी नव्या सेक्रेटरीने ड्रॉवरमधून तो अर्ज काढला आणि माझ्यापुढे ठेवला. मी सही केली. सहा सेकंद लागले. आज दुपारी माणूस येऊन भिंतीला भोक पाडून लाइन जोडून गेला.

टॅब्लेट उघडला. सगळ्यात वर, ठळक: नवज्योती वायनशाला, जोडलेले. माझी ओळ. म्हणजे फिदाची, पण कल्पना माझी. नुसतं बघत बसलो. कुणाला तरी दाखवायला हवं होतं. वाचनाच्या खोलीत कुणी नाही. पौलोसचा सत्कार आहे ना, त्याच्याच दुकानात. पूर्व, पश्चिम, टीचर, सगळे तिथे. वत्सलासुद्धा. दोन दिवस बोलली नव्हती, आज निघताना तेवढं सांगून गेली की मी तिथे पाऊल टाकायचं नाही, आणि पाच ते सात वायनशाला उघडी ठेवून मुलांना कॉम्प्युटर शिकवायचा.

सव्वापाच झाले. मुलं आली नाहीत. त्यांच्या आयांबरोबर तीही सत्काराला गेलीत.